डबल का मीठा : दोन पुडे पाव, पस्तीस वाट्या

ईदच्या दिवशी मुस्लिम घरी गेलेल्या पाहुण्यापुढे शिरखुर्म्याचा वाडगा येतो, हे आता महाराष्ट्रात कुणाला सांगावे लागत नाही. मराठवाड्यात मात्र रमजानच्या दावतीत आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, त्याच दस्तरख्वानावर आणखी एक गोड पदार्थ येतो. तांबूस, तुपाने चकाकणारा, वर काजू-बदामाचे काप, चमचा लावला की अलगद तुटणारा. नाव विचारले की उत्तर येते, ‘डबल का मीठा’. नवख्या पाहुण्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘यात डबल काय आहे?’ साखर डबल नाही आणि तूपही नाही. डबल आहे ती रोटी. दक्खनी बोलीत पावाला डबल रोटी म्हणतात. पीठ फुगून दुप्पट होते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. जेवणाच्या शेवटी येणाऱ्या गोड पदार्थाला तीच बोली ‘मीठा’ म्हणते. जर्दाळूचा तो खुबानी का मीठा, पावाचा तो डबल का मीठा.

हा पदार्थ हैदराबादचा. तो बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात, त्वरितादेवीचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तलवाड्यापर्यंत कसा आला, हे कळायला इतिहासात फार खोल जावे लागत नाही. सप्टेंबर १९४८पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. बीडला तेव्हाच्या कागदपत्रांत ‘भीर’ म्हणत. कचेरीची भाषा उर्दू होती, आणि बदलीवर येणारे अंमलदार आपल्यासोबत हैदराबादचा स्वयंपाकही आणत. पुढे राज्य गेले, उर्दूचा दरबारी मान गेला, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६०ला महाराष्ट्रात आला. या सगळ्या उलथापालथीत ज्या थोड्या गोष्टी जागच्या जागी राहिल्या, त्यात घरातली दक्खनी बोली आणि चुलीवरचे हे पातेले आहे.

राहिली ती मात्र वेगळ्या घरांत. नवाबाच्या मेजवानीतला पदार्थ ज्वारीच्या मुलखातल्या शेतमजुराच्या, गवंड्याच्या, छोट्या दुकानदाराच्या घरी टिकला. इथले रोजचे अन्न भाकरी. पाव ही आजारी माणसाला चहात बुडवून द्यायची गोष्ट. तापातून उठलेल्या पोरासाठी आणलेला पाव आणि सणाला पाहुण्यापुढे ठेवायचा मीठा, अशी पावाची दोन टोकेच या घरांना माहीत होती. त्यामुळे ब्रेडचे दोन पुडे घरात आले आणि ते चहाला काढले नाहीत, तर लेकरांना न सांगता समजते की कुणीतरी येणार आहे.

तलवाड्यासारख्या गावातली अनुभवी गृहिणी वजनकाट्याने सुरुवात करत नाही. ती आधी दारे मोजते. इफ्तारला येणारे किती, गल्लीत वाट्या किती जायच्या, मशिदीत काही पाठवायचे का, मुलाच्या दोस्ताच्या घरी, शेजारच्या काकूंकडे, दवाखान्यातल्या सिस्टरकडे. हा हिशेब वीस-पंचवीसच्या वर गेला की शिरखुर्म्यापेक्षा डबल का मीठा परवडतो. चारशे ग्रॅमचे दोन पुडे, साधारण आठशे ग्रॅम साखर, दोन लिटर दूध, तळायला तूप, आठ-दहा वेलदोडे आणि मूठ-दोन मूठ सुकामेवा एवढ्या सामानात लहान पस्तीस वाट्या सहज निघतात. पाव दूध आणि पाक दोन्ही पितो, फुगतो आणि थोडक्यात पोट भरतो. श्रीमंत दिसणारा, पण पुरवठ्याला येणारा असा हा पदार्थ आहे. गरीब घरांनी तो सोडला नाही, याचे मोठे कारण हे असावे.

करण्यात कौशल्य तीन ठिकाणी लागते. पहिले पाव सुकवण्यात. ताजा, लुसलुशीत ब्रेड या कामाचा नाही. आदल्या दिवशी पुडा उघडून तुकडे सुपात किंवा स्वच्छ कपड्यावर पसरायचे, एकदा पालटायचे. मार्चच्या बीडच्या उन्हात दोन-तीन तासही पुरतात. सुकलेला पाव तळताना तूप कमी ओढतो आणि पाकात पडल्यावर लगेच लगदा होत नाही. कडा काढाव्यात की ठेवाव्यात यावर सासू-सुनांचे मतभेद जुने आहेत. हॉटेलात काढतात, कारण तिथे दिसणे महत्त्वाचे. घरात कडा ठेवलेल्याच बऱ्या. त्या तळून जास्त तांबूस होतात, आणि सगळे मऊ झाल्यावर दाताखाली येणारी तेवढीच एक गोष्ट उरते.

दुसरे कौशल्य तळणीत. आच मध्यम हवी. तुकडा पिवळा झाला की काढण्याचा मोह होतो, तो आवरायचा. बिस्किटाच्या रंगापलीकडे, गव्हाच्या खरपूस भाजलेल्या रंगापर्यंत थांबायचे. पदार्थाची अर्धी चव या रंगात आहे. कमी तळलेला मीठा फक्त गोड लागतो. सगळे शुद्ध तुपात तळणे प्रत्येकाला जमत नाही. निम्मे तेल, निम्मे तूप घेतात. तेही नसेल तर तेलात तळून शेवटी वरून दोन चमचे तूप सोडतात. वास तुपाचाच येतो. यात कमीपणा काही नाही, उलट ही अक्कल आहे.

तिसरी गोष्ट पाक. साखर बुडेल त्याहून थोडे जास्त पाणी, वेलदोडे, आणि उकळी. बोटांना चिकट लागला की उतरवायचा. पक्की तार येऊ द्यायची नाही, नाहीतर थंड झाल्यावर साखर पुन्हा दाणेदार होऊन वर बसते. तळलेले तुकडे पसरट पातेल्यात लावून त्यांवर पाक सोडायचा, मग आटवलेले दूध. दोन लिटरचे सव्वा लिटर झालेले असावे. खवा असेल तर तो कुस्करून मधल्या थरात घालायचा. झाकण लावून पातेले तव्यावर ठेवायचे आणि मंद आचेवर पंधरा मिनिटे दम द्यायचा. डाव घालून ढवळायचे नाही. उत्तरेकडच्या शाही तुकड्यात पावाचे काप अखंड राहतात आणि वर रबडी ओततात. इथे पाव, पाक आणि दूध एकमेकांत मिसळून जातात, तरी तुकड्याचा आकार थोडा ओळखू येतो. केशर महाग असल्याने अनेक घरांत चिमूटभर केशरी रंग पडतो. तो नाही घातला तरी चालते. नीट तळलेल्या पावाचा रंग त्याहून देखणा असतो.

हे सगळे वाचायला सोपे आहे. रमजानात ते करणाऱ्या बाईने मात्र पहाटे सहरीपासून पाण्याचा घोटही घेतलेला नसतो. इफ्तारच्या दावतीचा मीठा दुपारी तीन-चारला चुलीवर चढतो, म्हणजे उपवासाच्या सर्वांत जड वेळी. गरज असेल तर पदार्थ जिभेच्या टोकावर ठेवून, चव पाहून थुंकून टाकण्याची सवलत धर्मशास्त्राने दिली आहे. तरी ती घेण्याकडे कमी जणींचा कल असतो. पाक बोटांच्या चिमटीत कळतो, दुधाचा आटलेपणा पातेल्याच्या कडेला उरलेल्या रेघेवरून, तळण रंगावरून आणि वेलदोडा नाकाने. आंधळेपणाने केलेला हा स्वयंपाक मगरिबच्या अजाननंतर, खजूर आणि पाणी झाल्यावर, पुरुषांच्या आणि पाहुण्यांच्या पंगतीत आधी जातो. रोजा सोडून ज्यांनी उठून वाढले, त्यांची वाटी शेवटी भरते. रमजानच्या बरकतीवर लिहिणाऱ्यांनी या क्रमाकडेही कधी पाहायला हवे. चाँदरातीला तेवढी सुटका असते. चंद्र दिसला की रोजे संपले; मग रात्री उशिरापर्यंत चाललेल्या स्वयंपाकात मनसोक्त चव घेता येते. मीठा सकाळपर्यंत मुरतोही चांगला.

बीड जिल्ह्यात सणाचा हिशेब आभाळाशी आणि कोयत्याशी बांधलेला आहे. २०१९च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात जागोजागी चारा छावण्या लागल्या होत्या. त्या वर्षी रमजान मे महिन्यात होता आणि ईद ५ जूनला आली. जनावरे छावणीत असली की घरातल्या दुधाचा भरवसा राहत नाही. अशा वर्षी दुधाचे प्रमाण निम्म्यावर येते, पाक थोडा वाढतो, खवा तर आठवणीतच राहतो. पदार्थ मोडत नाही, हा त्याचा गुण. फक्त पाकात मुरलेला तळलेला पाव आणि वर दुधाचा हबका, एवढ्यावरही त्याला डबल का मीठाच म्हणतात.

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. तसा तो सरकत आता ऊसतोडीच्या हंगामात आला आहे. जिल्ह्यातून उचल घेऊन बाहेर जाणाऱ्या तोड मजुरांत मुस्लिम कुटुंबेही आहेत. फडातल्या खोपीवर रोजा ठेवायचा म्हणजे अंधारात तीन दगडांच्या चुलीवर सहरी करायची आणि दिवसभर मोळ्या वाहायच्या. अनेकांचे रोजे त्यात सुटतात, ते नंतर भरून काढले जातात. २०२५ची ईद ३१ मार्चला, हंगाम संपत आलेला असताना आली. ज्यांचा कारखाना लवकर बंद झाला, ते घरी पोहोचले. आपणच तोडलेल्या उसाची साखर ते मग दुकानातून किलोच्या भावाने विकत घेतात. काही घरांत साखरेऐवजी गुळाचा मीठा होतो. त्यात एक सावधगिरी लागते. गूळ दुधात घालून उकळला तर दूध नासते. म्हणून गुळाचा पाक वेगळा करून, पावात मुरवून, दूध कोमट झाल्यावरच वर घालतात. रंग काळपट येतो, चव मात्र काहींना जास्त आवडते.

ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा असतो. माणशी साधारण पावणेदोन किलो गहू, किंवा त्याच्या किमतीएवढी रक्कम, गरजूच्या हातात. घरातल्या तान्ह्या बाळाच्या नावानेही ती निघते. गरीबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी, हा तिचा हेतू. मीठ्यासाठी दुकानदाराकडे उधारी लिहून घ्यायची आणि फित्रा उद्यावर ढकलायचा, असे करू नये, हे जुनी माणसे पोरांना बजावतात. सणापायी कर्ज काढणे या जिल्ह्याला नवीन नाही, म्हणून ते बजावणेही थांबत नाही.

वाट्या भरताना शेजाराचा प्रश्न येतो. जी घरे शिजवलेले अन्न घेत नाहीत, तिथे ईदला शेवया, साखर आणि सुकामेवा कोरडा पाठवण्याची रीत गावोगावी आहे. कुणी वाईट वाटून घेत नाही, किंवा वाटले तरी दाखवत नाही. डबल का मीठा मात्र कोरडा पाठवता येत नाही. तो ज्या दारात जातो, त्या घराने आपल्या हातचे खाल्ले, एवढा त्याचा सरळ अर्थ आहे. त्यात मांस नाही, अंडे नाही. शिवाय अनेक घरांत गोडाचे पातेले आणि कढई मटणाच्या भांड्यांपासून वेगळीच ठेवलेली असते, शेजाऱ्याला खात्रीने सांगता यावे म्हणून. ही काळजी कुणी मागितलेली नसते.

२०२५ला ३० मार्चला गुढीपाडवा होता. दुपारी गल्लीत श्रीखंड-पुरीची ताटे फिरली, तेव्हा मुस्लिम घरांत शेवटचा रोजा चालू होता. आलेली ताटे इफ्तारपर्यंत झाकून राहिली. संध्याकाळी चंद्र दिसला आणि दुसऱ्या दिवशी वाट्या उलट दिशेने निघाल्या. आदल्या वर्षीही पाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला होती. दोन्ही पंचांगे चंद्राचीच. मराठी पंचांग अधिक महिना घालून ऋतू धरून ठेवते, इस्लामी दिनदर्शिका तो घालत नाही. म्हणून ही गाठ काही वर्षे पडते आणि सुटते. एकदा सुटली की पुन्हा अशी जवळीक यायला तीसएक वर्षे लागतात.

शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम दोन्ही बाजूंना माहीत आहे. पाडव्यानंतरच्या ईदला परत आलेल्या डब्यांत साखरेच्या गाठी होत्या, कुठे कैरीचे ताजे लोणचे.

बासी ईदला पातेल्यात जे उरते, ते थंड खातात. रात्रभरात वरचे तूप थिजलेले असते, पाव पुरता मुरलेला. तळाला लागलेली तांबूस खरवड सुरीने काढावी लागते. तिच्यावर लेकरांचा डोळा असतो, पण बहुतेक घरांत ती करणारीची असते, आणि ती तिने उभ्याउभ्या, ओट्यापाशीच खाल्लेली असते.