भाजल्यावर फोड का येतो आणि तो काय सांगतो?

मराठीत चटका बसणे, पोळणे, भाजणे, होरपळणे असे वेगवेगळे शब्द आहेत. वैद्यकशास्त्राचा मुख्य प्रश्न मात्र एकच असतो: उष्णतेने झालेली हानी त्वचेत किती खोल गेली? फोड या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देतो.

त्वचेचे दोन मुख्य थर असतात. वरच्या बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. खालच्या अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, चेतातंतू, घर्मग्रंथी आणि केसांची मुळे असतात. हातावर उकळता चहा सांडला की उष्णता अंतस्त्वचेपर्यंत पोचते. तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात, दोन्ही थरांमधली पकड सुटते आणि मधल्या पोकळीत रक्तद्रव साठतो. हाच फोड. त्यातले पाणी म्हणजे पू नव्हे.

तापमानाइतकाच संपर्काचा काळही महत्त्वाचा असतो. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांच्या 1947 च्या प्रयोगांनुसार 44 अंश सेल्सिअसला त्वचा भाजायला सुमारे 6 तास लागतात, तर 60 अंशाला सुमारे 5 सेकंद पुरतात. चहाने भिजलेली बाही म्हणूनच लगेच काढायची. कापड त्वचेला चिकटले असेल तर मात्र ओढू नये.

फोडाखालची त्वचा गुलाबी व ओलसर असेल, दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा गुलाबी होत असेल आणि खूप दुखत असेल, तर जखम उथळ आहे. केसांच्या मुळांमधल्या जिवंत पेशींपासून नवी बाह्यत्वचा तयार होते आणि साधारण 2 आठवड्यांत जखम भरते. तळ पांढरट किंवा डागाळलेला लाल असेल, दाबून रंग बदलत नसेल, वेदना कमी असतील, तर जखम खोल आहे. इथे विद्यार्थी हमखास चुकतात. कमी दुखते म्हणजे कमी भाजले, असे नाही; चेतातंतूच निकामी झालेले असू शकतात. अशी जखम भरायला 3 आठवड्यांहून अधिक काळ लागतो आणि बऱ्याचदा त्वचारोपण करावे लागते.

ही खोली पहिल्या दिवशी पक्की ठरत नाही. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॅक्सन यांनी 1953 मध्ये जखमेचे तीन पट्टे वर्णन केले. मध्यभागी मेलेल्या ऊती, कडेला केवळ लाली आणि या दोहोंमध्ये रक्तप्रवाह मंदावलेला पट्टा. मधला पट्टा पुढच्या 2-3 दिवसांत सावरतो किंवा मरतो. सगळा प्रथमोपचार खरे तर त्याच्यासाठी असतो. नळाचे साधे वाहते पाणी 20 मिनिटे घ्यावे. भाजल्यापासून 3 तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे ज्याला वाचवायचे त्याचाच रक्तपुरवठा तुटतो. टूथपेस्ट, शाई, हळद यांनी जखमेचा रंग झाकला जातो आणि डॉक्टरांची तपासणीच अडते. जंतुसंसर्गाचा धोका वेगळाच.

फोड घरी फोडू नये. ती नैसर्गिक मलमपट्टी असते. मोठे किंवा सांध्यावरचे फोड डॉक्टर निर्जंतुक पद्धतीने काढतात आणि जखम ओलसर राहील असे आवरण घालतात. याचे एक भारतीय उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. 1980 च्या दशकात मुंबईत डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींपासून स्वस्त ड्रेसिंग तयार केले. (त्या साली निर्जंतुक केलेल्या असत, स्वयंपाकघरातली साल चालणार नाही.)

चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिये भाजली तर रुग्णालय गाठावेच. क्षेत्रफळ मोजायला रुग्णाचाच तळहात घ्यावा. बोटांसह तो शरीराच्या सुमारे 1 टक्का भरतो. लहान मुलांत 10 टक्के आणि प्रौढांत 15 टक्क्यांच्या पुढे फोडांसारखाच रक्तद्रव शरीरभर झिरपू लागतो, रक्तदाब घसरू शकतो आणि शिरेतून सलाइन द्यावे लागते.