थंडीत गाडी सेल्फ घेत नाही : दोष बॅटरीचा की डायनॅमोचा?

नाशिक जिल्ह्याला थंडी नवी नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. गोदाकाठच्या एकलहरे परिसरातही डिसेंबर-जानेवारीची पहाट चांगलीच झोंबते. आणि नेमक्या याच वेळी भाजी-कांद्याच्या पिकअप, शाळेच्या व्हॅन आणि राखेच्या गाड्यांना कामावर निघायचे असते. चावी फिरवली की सेल्फ एकदा कण्हतो आणि गप्प बसतो. दोन-चार जण धक्का मारतात, गाडी चालू होते आणि मालक थेट गॅरेजला येतो. तेथे बहुतेक वेळा एकच निदान ऐकू येते : "बॅटरी गेली, नवी टाका."

नवी बॅटरी टाकली जाते. पंधरा दिवसांनी तीही उतरते. कारण दोष डायनॅमोत किंवा वायरीत असतो. मालकाचे काही हजार रुपये जातात आणि कारागिराचे गिऱ्हाईक जाते. यांत जास्त नुकसान कोणाचे, हे धंदा करणाऱ्याला सांगायला नको.

आधी थंडीचे प्रकरण समजून घेऊ. बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, त्यामुळे ती कमी जोर देते. त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट होते आणि इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. दोन्हीकडून मार बसतो. मात्र आपल्याकडची ८-१० अंशांची थंडी चांगल्या बॅटरीला मारू शकत नाही. बॅटरी मरते एप्रिल-मेच्या उन्हात. पाणी आटते, प्लेटा गंजतात, आणि थंडी फक्त ते उघडे पाडते. म्हणून बॅटरीतील पाणी पाहायचे ते उन्हाळ्यात. पाणी घालायचे ते डिस्टिल्ड; ॲसिड कधीच नाही.

तपासणी सकाळी, गाडी चालू करण्यापूर्वी करावी. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे ती पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग तिच्याविषयी मत द्या. उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाकणाच्या बॅटरीला हायड्रोमीटर लावावा. सहाही घरे सारखी हवीत. एकच घर बरेच खाली असेल, तर बॅटरीचा निकाल लागला. थंडीत हायड्रोमीटर थोडे फसवतो, कारण ॲसिड दाट होते. २७ अंश धरून प्रत्येक अंशामागे साधारण ०.०००७ वजा करावे लागतात. म्हणजे १० अंशांत १.२५० दिसले, तर खरे माप १.२३८ च्या आसपास.

मग एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने मीटर पाहावे. भरलेली बॅटरी ९.५ व्होल्टच्या बरीच खाली कोसळत असेल तर ती दुबळी आहे, किंवा सेल्फच जादा करंट खातो आहे. हेडलाइटही बरेच सांगतो. सेल्फ मारताना तो एकदम मंदावला आणि टकटक आवाज आला, तर बॅटरी किंवा टर्मिनल पाहा. प्रकाश तसाच राहिला आणि सेल्फ हललाच नाही, तर दोष सेल्फच्या लाइनमध्ये. सेल्फ झकास फिरतो पण डिझेल इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला बोल लावू नका. हीटर प्लग तपासा.

आता डायनॅमो. गॅरेजात अजून डायनॅमोच म्हणतात, पण गाडीत असतो तो अल्टरनेटर. त्याचे तत्त्व एकलहरे वीज केंद्रातील जनित्राचेच : मधला रोटर चुंबक होऊन फिरतो आणि भोवतीच्या वेटोळ्यांत वीज तयार होते. केंद्रातील २१० मेगावॅटचा संच मिनिटाला ३००० फेऱ्यांवर बांधलेला असतो, म्हणून ५० सायकलची वीज मिळते. गाडीत फेरे सतत कमी-जास्त होतात. त्यामुळे डायोड त्या विजेचे डीसी करतात आणि कटआऊट व्होल्ट आवरतो.

इंजिन चालू करून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. थंड सकाळी थोडे जास्त दिसले तर घाबरू नये, बऱ्याच कटआऊटची रचनाच तशी असते. १५ च्या वर गेले तर कटआऊट बिघडला. हेडलाइट आणि ब्लोअर लावून, रेस थोडी वाढवूनही १३.५ च्या खालीच राहिले तर आधी पट्टा पाहा. दवाने ओला, गुळगुळीत झालेला पट्टा सकाळी चिरकतो आणि घसरतो. नंतर डायनॅमोचा जाड टर्मिनल आणि बॅटरीचा प्लस यांच्यात मीटर लावा. लोडवर तेथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त पडत असतील तर डायनॅमो निर्दोष. वायर किंवा जोड खराब आहे. अर्थिंगलाही हीच परीक्षा. एवढे करूनच डायनॅमो उतरवावा आणि कार्बन, स्लिप रिंग पाहावे. मीटर एसीवर ठेवून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर डायोड प्लेटवर संशय घ्या. गळका डायोड रात्रभर बॅटरी पितो.

डॅशबोर्डवरच्या लाल बल्बकडेही दुर्लक्ष नको. जुन्या पद्धतीच्या अनेक गाड्यांत त्याच्यातूनच रोटरला पहिला करंट मिळतो. बल्ब उडाला की चांगला डायनॅमोही चार्जिंग सुरू करत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी डायनॅमो बदलला जाऊ नये.

आणि एक जुनी खोड सोडली पाहिजे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि "गाडी बंद पडत नाही, म्हणजे डायनॅमो चांगला" असे म्हणायचे. डीसी डायनॅमोच्या काळात ते खपून गेले. आज त्या झटक्यात डायोड आणि हजारो रुपयांचा ईसीएम जळू शकतो. कोणी उस्तादाने शिकवले असले तरी शागिर्दाने हे करू नये.

सगळे ठीक आणि तरी बॅटरी उतरते? मग गाडी बंद करून, कुलूप लावून थांबा. नव्या गाड्या झोपी जायला अर्धा तासही घेतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जात असेल तर एकेक फ्यूज काढून चोर शोधा. बहुधा बाहेरून बसवलेला टेप, जीपीएस किंवा हॉर्न निघतो. बॅटरीच्या पाठीवरची राख-धूळ दवाने ओली झाली तरी थोडी गळती होते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती पुसावी. पाणी घरांत जाऊ देऊ नये. जवळ विडी नकोच, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत एक नवी अडचण आहे. काही गाड्यांत संगणकच डायनॅमोला कमी-जास्त करतो, त्यामुळे चालत्या गाडीत १२.८ व्होल्ट दिसले तरी तो बिघाड असेलच असे नाही. हेडलाइट लावून पुन्हा पाहावे. मायनसवर सेन्सर असेल तर जंपर केबलचा मायनस बॅटरीला न लावता बॉडीला लावावा. विजेवर चालणाऱ्या गाडीत डायनॅमो नसतो, पण १२ व्होल्टची लहान बॅटरी बहुतेक गाड्यांत असतेच. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.