हायब्रिड गाडीचे नवे टायर: मायलेज बघायचे की ब्रेक?

आजचा विषय साधा आहे, पण खिशाला आणि जिवाला दोन्हींना लागणारा आहे. हायब्रिड गाडीचे कंपनीने दिलेले पहिले टायर झिजले. आता नवे कोणते घ्यायचे?

हा विषय आत्ताच घेण्याचे कारण सांगतो. निवृत्तीनंतर मी लखनऊला स्थायिक झालो. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने स्ट्राँग हायब्रिड गाड्यांचा नोंदणी कर माफ केला. दहा लाखांवरच्या गाडीला तेव्हा इथे दहा टक्के कर होता, म्हणजे बचत लाखाच्या पुढे गेली. माझी गाडी २०२३ ची. मी कर भरून मोकळा झालो होतो, असो! त्यानंतर इथल्या रस्त्यांवर हायब्रिड गाड्या भराभर वाढल्या. पुणे, नागपूर, बेळगाव, इंदूर, बडोदा इथेही त्या आता पुष्कळ दिसतात. गाडी घेताना आपण मायलेजचा अभ्यास करतो. टायर बदलताना मात्र दुकानदार जो पुढे करील तो बसवून येतो. मीही तेच केले. त्याची गोष्ट आधी ऐका.

अमीनाबादचा धडा

गेल्या जूनमध्ये माझ्या गाडीचे ४४ हजार किलोमीटर झाले आणि टायर संपत आले. अमीनाबादला लागूनच लाटूश रोड आहे. मशिनरी आणि सुट्या भागांचा हा जुना बाजार. तिथल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन टायर दाखवले. एकाची किंमत जास्त होती. दुसऱ्यावर हात आपटून तो म्हणाला, "कर्नल साहब, ये ले जाइए, घिसेगा ही नहीं. और माइलेज भी देगा." मी खूश झालो. चारही तेच बसवले.

पहिल्याच महिन्यात पडद्यावरचे मायलेज २२.५ वरून २१ वर आले. मला वाटले, हवा कमी असेल. गाडीच्या दरवाज्यावरच्या पट्टीवर ३३ पीएसआय लिहिले होते, मी ४० भरली. मायलेज थोडे सुधारले आणि मी स्वतःवरच खूश झालो.

जुलैत एका संध्याकाळी आम्ही दोघे अमीनाबादला गेलो होतो. सौभाग्यवतींना चिकनचे कापड घ्यायचे होते. पाऊस नुकताच सुरू झाला होता, रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून चिकट राडा झालेला. वेग जेमतेम तीस. पुढची ई-रिक्षा सवारी घ्यायला अचानक थांबली. मी ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची थरथर जाणवली, "अहो, अहो!" ऐकू आले, आणि गाडी घसरत जाऊन रिक्षाच्या मागच्या बाजूवर टेकली. देवाच्या दयेने कुणाला लागले नाही. रिक्षावाल्याची भरपाई केली, बंपरचा खर्च केला. पण रिक्षातून एक म्हातारी बाई उतरत होती, तिचा पाय अजून पायरीवर होता. तो क्षण मी विसरलेलो नाही.

आता दोष कुणाचा? दुकानदाराने मला जबरदस्ती केली नव्हती. ४० पीएसआय मी भरली होती. तेव्हा या चुकीचा हिशेब मांडू.

हायब्रिड गाडी टायरकडून काय मागते?

स्ट्राँग हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरी आणि विजेची मोटर असते. त्यामुळे ती त्याच जातीच्या साध्या गाडीपेक्षा थोडी जड असते. मोटरचा जोर पॅडल दाबताच मिळतो, इंजिनासारखी वाट पाहावी लागत नाही. वेग कमी करताना हीच मोटर उलटे काम करून बॅटरी भरते. बहुतेक हायब्रिड गाड्यांमध्ये ओढणे आणि हे विजेचे ब्रेकिंग दोन्ही पुढच्या चाकांवर पडते, म्हणून ब्रेकचे पॅड जास्त टिकतात, पण पुढचे टायर लवकर झिजतात. अमीनाबादसारख्या गर्दीत गाडी बराच वेळ विजेवर चालते, इंजिन गप्प असते. तेव्हा टायरचा आवाज जास्त कानावर येतो.

याचा अर्थ हायब्रिडला वेगळ्या जातीचा टायर लागतो असा नाही. योग्य माप, योग्य भारक्षमता आणि चांगली पकड असलेला चांगल्या दर्जाचा टायर पुरतो. "हायब्रिड स्पेशल" म्हणून कुणी जादा पैसे मागत असेल, तर नेमके काय वेगळे आहे ते विचारा.

मायलेज का घटले?

मायलेजचे हे गणित मला फार उशिरा कळले. माझ्या टायरचे माप २१५/६० आर १७. ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या हायब्रिडनाही हेच माप येते. नव्या टायरचा व्यास साधारण ६९० मिलिमीटर. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती झिजून २ वर आली म्हणजे व्यास १२ मिलिमीटरने कमी झाला, म्हणजे पावणेदोन टक्के. गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो. लहान झालेले चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे मारते, आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर दाखवतो. म्हणजे जुन्या टायरवर दिसणारे माझे २२.५ खरे तर २२.१ च्या आसपास होते. नवे टायर बसवताच मीटर खरे बोलू लागला, आणि मी समजलो की मायलेज पडले!

शिवाय नव्या टायरवर रबर जाड असते. चाक फिरताना ते रबर दबते, पुन्हा उसळते, आणि त्यात थोडी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. झिजलेल्या टायरचा तो कमी असतो. म्हणून नवे टायर घेतल्यावर मायलेज थोडे उतरले तर घाबरू नका, आणि हवा वाढवून ते परत आणायच्या फंदात तर पडूच नका.

पैशांचा हिशेब

रोलिंग रेझिस्टन्स दहा टक्क्यांनी कमी झाला, तर इंधनात साधारण एक ते दोन टक्के बचत होते. अमेरिकेत २००६ साली या विषयावर मोठा अभ्यास झाला, त्यातही हेच प्रमाण निघाले. आपल्या गाडीला लावून पाहू. वर्षाला १२ हजार किलोमीटर, लिटरला २०, म्हणजे ६०० लिटर पेट्रोल. त्याचे एक ते दोन टक्के म्हणजे ६ ते १२ लिटर. लिटरला ९५ रुपये धरले तर वर्षाला ५७० ते ११४० रुपये. चार वर्षांत सव्वादोन ते साडेचार हजार.

आता दुसरी बाजू. युरोपात प्रत्येक टायरवर लेबल असते, त्यावर ओल्या रस्त्यावरच्या पकडीला श्रेणी दिलेली असते. एका श्रेणीचा फरक म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगात ब्रेक दाबल्यावर साधारण तीन ते सहा मीटरचा फरक. तीन मीटर म्हणजे पुढच्या माणसाला धडक बसणे आणि न बसणे यातले अंतर. माझा एका बंपरचा खर्चच चार वर्षांच्या बचतीपेक्षा जास्त झाला, आणि ती म्हातारी बाई कुठल्याच हिशेबात बसत नाही.

टायर बनवणाऱ्यापुढे नेहमीच पेच असतो. कमी रोलिंग रेझिस्टन्स, ओल्यात पकड आणि दीर्घ आयुष्य या तिन्ही गोष्टी एकदम मिळवणे अवघड आहे. चांगल्या टायरमध्ये चांगला रबर-मसाला वापरून तिन्हींचा तोल साधलेला असतो, म्हणून तो महाग असतो. स्वस्त टायर एक गोष्ट देतो आणि दुसरी हळूच काढून घेतो. "घिसेगा ही नहीं" म्हणणारा टायर कडक असण्याचीच शक्यता जास्त.

दुकानात उभे राहून काय बघायचे?

पहिले, माप. दरवाज्याच्या चौकटीवरच्या पट्टीत किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेले तेच घ्या. दिसायला भारी म्हणून मोठी रिम आणि रुंद टायर बसवलात तर वजन वाढते आणि मायलेज जाते.

दुसरे, भार आणि वेगाचा आकडा. मापापुढे "९६ एच" असे काही लिहिलेले असते. ९६ म्हणजे एक टायर ७१० किलो पेलतो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालतो. मूळ टायरपेक्षा हे आकडे कमी कधीही घेऊ नका. हायब्रिडमध्ये बॅटरीचे वजन आधीच आहे, त्यात पाच माणसे आणि गावी जातानाचे सामान.

तिसरे, ओल्या रस्त्यावरची पकड. भारतात १ एप्रिल २०२३ पासून आधीच विकल्या जाणाऱ्या टायरनाही ओल्यातली पकड आणि रोलिंग रेझिस्टन्स यांची किमान मर्यादा पाळावी लागते. पण ती किमान आहे. तोच टायर युरोपात विकला जात असेल, तर कंपनीच्या माहितीत त्याची श्रेणी सापडते. ए किंवा बी असेल तर उत्तम.

चौथे, मग रोलिंग रेझिस्टन्स. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचे तारे आता टायरवरही दिसतात, आपल्या फ्रिजवर असतात तसेच. जास्त तारे म्हणजे इंधनाची जास्त बचत. पकड सारखी असलेल्या दोन टायरमधून जास्त तारेवाला निवडा.

पाचवे, तारीख. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. वर्षाच्या आतला मागा. आयएसआयची खूणही बघून घ्या.

बसवताना आणि नंतर

चारही एकत्र बदलणे सर्वांत चांगले. दोनच बदलायचे असतील तर नवे मागे बसवा. लोक हट्टाने पुढे बसवतात. पण ओल्यात मागची चाके घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणे साध्या चालकाच्या हातात राहत नाही. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबराची पकड हळूहळू येते. पुढचे टायर लवकर झिजतात म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे आलटून पालटून लावा. नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. पाऊस जास्त असणाऱ्या भागात, कोकणात किंवा घाटात, त्याआधीच बदललेला बरा.

हवा पट्टीवर लिहिली आहे तेवढीच, आणि सकाळी टायर थंड असताना तपासा. तापमान साडेपाच अंशांनी बदलले की साधारण एक पीएसआय बदलतो. लखनऊला जानेवारीच्या पहाटे सहा अंश आणि जूनच्या पहाटे अठ्ठावीस, म्हणजे चार पीएसआयचा फरक. एकदा भरली आणि विसरलो हे इथे चालत नाही, विदर्भातही नाही. नायट्रोजनसाठी जादा पैसे द्यायचे तर द्या, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

फौजेत रोज सकाळी गाड्यांची फर्स्ट परेड होते. ड्रायव्हर तेल, पाणी, हवा बघितल्याशिवाय गाडी पार्कातून हलवत नाही. मी वर्षानुवर्षे जवानांकडून ती करून घेतली आणि स्वतःच्या गाडीची मात्र महिनोन् महिने केली नाही. आता दर रविवारी सकाळी चहाआधी हवा बघतो. दिवाळीनंतर तोटा सोसून चारही टायर बदलले, पकड बघून. मायलेज २१.८ येते. सौभाग्यवती म्हणतात, तेवढ्या पैशांत किती कुर्ते आले असते! म्हटले, खरे आहे.

तेव्हा मंडळी, टायर घ्यायला जाल तेव्हा "मायलेज किती देईल?" हा प्रश्न जरूर विचारा, पण दुसरा म्हणून. पहिला प्रश्न, "पावसात थांबेल ना?" जय हिंद, जय महाराष्ट्र!