रणगाडा पाण्यात बुडत का नाही? आणि त्याला इतका खर्च का येतो?



चौथीच्या वर्गात 'तरंगणे आणि बुडणे' शिकवत होते. एक मुलगा म्हणाला, "बाई, एवढासा खिळा बुडतो, मग रणगाडा नदीतून कसा जातो? मी व्हिडिओत बघितलंय." प्रश्न योग्यच होता. फक्त त्याने बघितली ती गाडी रणगाडा नव्हे, सैनिक नेणारी चिलखती गाडी असणार. पट्ट्यांवर चालणाऱ्या सगळ्यालाच मुलं रणगाडा म्हणतात.

बेडकासारखी जमिनीवर आणि पाण्यातही चालते म्हणून ही गाडी उभयचर. तिचा आपल्या भागाशीही संबंध आहे. विठ्ठलवाडीहून कर्जतकडे निघालं की उल्हासनगरनंतर अंबरनाथ लागतं. तिथला मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना २०२१ पासून 'आर्मर्ड व्हेइकल्स निगम' या सरकारी कंपनीत आहे. याच कंपनीच्या तेलंगणातल्या मेदक कारखान्यात 'सारथ' म्हणजे बीएमपी-२ ही उभयचर गाडी तयार होते.

सारथचं वजन साधारण १४ टन. म्हणजे तरंगण्यासाठी तिने १४ हजार लिटर पाणी बाजूला सारायला हवं. सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा, तसे जवळपास दीड टँकर. गाडी आतून पोकळ आणि रुंद असते, म्हणून हे जमतं. पाण्यात उतरण्याआधी पुढची फळी उभी करतात, म्हणजे लाट अंगावर येत नाही. आत शिरलेलं पाणी पंप बाहेर फेकतात. पट्टे फिरतात आणि गाडी पुढे सरकते, पण ताशी जेमतेम ७ किलोमीटरने. आपण भराभर चाललो तरी जवळपास तेवढाच वेग होतो!

इथपर्यंत आर्किमिडीज पुरतो. खरा खर्च सुरू होतो तो वेग हवा असला की. अमेरिकेने किनाऱ्यावर वेगाने उतरणारी गाडी बनवायला घेतली. पाण्यात तिला २,७०० अश्वशक्ती लागायची. किचकट यंत्रणा वारंवार बिघडत राहिली. सुमारे ३ अब्ज डॉलर खर्चून झाल्यावर जानेवारी २०११ मध्ये प्रकल्प रद्द झाला आणि १९७०च्या दशकापासूनच्या जुन्याच गाड्या वापरात राहिल्या. ३० जुलै २०२० ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ त्यातली एक बुडाली. आतल्या १६ जणांपैकी ९ जण गेले. गाडीची वाईट अवस्था, आत येणारं पाणी आणि अपुरं प्रशिक्षण ही कारणं चौकशीत पुढे आली. नव्या गाडीची बातमी होते, जुन्या गाडीचं रबरी सील बदलल्याची होत नाही, पण जीव त्यावरच असतो.

आपल्याकडे अहिल्यानगरच्या (पूर्वीचं अहमदनगर) व्हीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने टाटांबरोबर आठ चाकांची उभयचर 'व्हॅप' गाडी तयार केली. २०१४ मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोत तिच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. मध्ये अकरा वर्षं गेली. नमुना बनवायला पैसे आधी लागतात, ऑर्डर मिळेल की नाही ते नंतर कळतं. म्हणून २०२०च्या संरक्षण खरेदी नियमांत 'मेक-१' प्रकारात नमुन्याच्या खर्चाचा ७० टक्क्यांपर्यंत भाग सरकार देतं. 'मेक-२' मध्ये मात्र सगळा खर्च कंपनीचा. मला विचाराल तर अशा अवघड कामात पहिला प्रकारच बरा, नाहीतर धोका पत्करायला पुढे येणार कोण?

वर्गात आम्ही पाण्याच्या टबात स्टीलचा डबा तरंगवला. मग तळाला बारीक भोक असलेला जुना डबा घेतला आणि भोक कणकेने बुजवलं. थोड्या वेळात कणीक भिजली, पाणी शिरू लागलं. एका मुलीला चमचा दिला आणि सांगितलं, तू पंप. तिने भराभर पाणी उपसलं, डबा तरंगत राहिला. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, ती चमचा टाकून पळाली आणि डबा बुडाला.