डोंगर चित्रात का मावत नाही?

लालबाग-परळच्या चाळींत गिरणीच्या कामाला आलेली माणसे बहुतेक सह्याद्रीच्या अलीकडची नाही तर पलीकडची. सुटीत गावी गेले की आता जो तो मोबाइलवर डोंगर टिपतो. घरी येऊन पाहावे, तर एवढा थोरला डोंगर चित्रात वारुळाएवढा! असे का बरे होते?

आपली नजर डोंगरावर खिळते आणि बाजूचे विसरते. कॅमेरा काही विसरत नाही. शिवाय फोनचे भिंग रुंद पट्टा टिपते, त्यामुळे लांबचे लहान होते. तेव्हा जवळचे एखादे झाड किंवा वाटेवरचा माणूस चौकटीत घ्यावा. डोळ्याला मोजमाप मिळते.

दुसरी गोष्ट उजेडाची. भर दुपारी ऊन डोक्यावर, सावल्या आखूड; घळी आणि कडे सपाट दिसतात. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर तिरपा उजेड पडतो आणि कडा उठून दिसतो. दूरचे डोंगर निळे येतात, तो कॅमेऱ्याचा दोष नव्हे. मधल्या हवेत निळा प्रकाश अधिक विखुरतो, त्याचा तो रंग. पावसाने हवा धुतली की हा पडदा विरळ होतो. म्हणून आम्हांला विचाराल तर आश्विनातली सकाळ सगळ्यांत चांगली.

गुरुजी, मुलांना हे दाखवायला फार लांब जायला नको. दादरहून लोकलने बोरिवली गाठा. तिथले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. कान्हेरीच्या लेण्यांवरून रान पाहा, पण नेमलेली वाट सोडू नका. ते बिबट्याचे घर आहे. याच डोंगरांतल्या विहार तलावाचे पाणी १८६० साली मुंबईला मिळू लागले. उतारावरची झाडे माती धरून ठेवतात, नाहीतर ती तलावात उतरली असती. हे सांगितले की मुले चित्रात झाडेही पाहू लागतात.

चांदोलीची गोष्ट निराळी. ते २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्या रानात पूर्वी गावे होती. धरणासाठी, अभयारण्यासाठी माणसे उठून गेली. तिथे घराचे जोते किंवा जुने आंब्याचे झाड दिसलेच, तर 'देखावा बिघडतो' म्हणून ते चौकटीबाहेर ढकलू नका. चाळीत त्या बाजूचे कोणी आजोबा असतील, तर चित्र छापून त्यांना दाखवा. कुठल्या कड्याला काय म्हणत, ते विचारा, आणि चित्राच्या पाठीवर तेवढे लिहून ठेवा.