रांगडे रूप आणि प्रत्यक्ष क्षमता : एसयूव्ही वाहनांच्या आडवाटेवरील सामर्थ्याची चिकित्सा

सारांश : भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक वाहने आज युटिलिटी वाहनांच्या गटात मोडतात. उंच बांधा, रुंद चाके आणि भक्कम दिसणारा दर्शनी भाग यांमुळे ही वाहने कोणत्याही वाटेवर चालतील असा समज रूढ आहे. हा समज कितपत खरा आहे, याचे कायदा, भूमिती व यंत्रशास्त्र यांच्या आधारे प्रस्तुत लेखात विवेचन केले आहे.

बीजशब्द : एसयूव्ही, फोर-व्हील ड्राइव्ह, ग्राउंड क्लिअरन्स, डिफरन्शियल, पूरपाणी.

प्रस्तावना

रांगड्या वाहनाची प्रतिमा दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपपासून सुरू होते. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र समूहाने मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली. पुढे सरकारी दौरे, निवडणुकीचा प्रचार आणि ग्रामीण भागातील वडाप वाहतूक यांतून ‘जीप’ हा शब्द मराठीत रुळला. मात्र वडापच्या अनेक जीपगाड्यांत इंजिनाची शक्ती केवळ मागील दोन चाकांनाच मिळत असे. म्हणजे रूप एक व रचना दुसरी, ही तफावत आजची नाही. आज फरक पडला आहे तो तिच्या व्याप्तीत.

कायद्यातील व्याख्या

एसयूव्ही म्हणजे काय, हे ठरविण्याची गरज भारतात प्रामुख्याने करआकारणीसाठी निर्माण झाली. डिसेंबर २०२२ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने स्पष्ट केले की, वाढीव उपकरासाठी वाहनाने चार अटी एकाच वेळी पूर्ण केल्या पाहिजेत : ते लोकांत एसयूव्ही म्हणून ओळखले जावे, इंजिन १,५०० घनसेंटिमीटरहून मोठे असावे, लांबी ४,००० मिलिमीटरहून अधिक असावी आणि ग्राउंड क्लिअरन्स किमान १७० मिलिमीटर असावा. जुलै २०२३ मध्ये नावाची अट वगळण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये मोटारींवरील उपकरच रद्द होऊन लहान मोटारींना १८ टक्के व मोठ्यांना ४० टक्के असे दर लागू झाले. या साऱ्या स्थित्यंतरांत चारही चाकांना शक्ती मिळते का, हा प्रश्न कोठेही विचारला गेला नाही.

अमेरिकेतील इंधनविषयक नियम या दृष्टीने तुलनीय आहेत. आडवाटेस योग्य म्हणून ‘हलका ट्रक’ ठरण्यासाठी वाहनास फोर-व्हील ड्राइव्ह असावी लागते किंवा त्याचे भारासह कमाल वजन ६,००० पौंडांहून अधिक असावे लागते. याखेरीज पुढील पाचांपैकी किमान चार मापे पूर्ण व्हावी लागतात : पुढचा कोन २८ अंश, मधला कोन १४ अंश, मागचा कोन २० अंश, तळाची उंची २० सेंटिमीटर आणि आसांखालील उंची १८ सेंटिमीटर. हे निकषही किमान स्वरूपाचेच आहेत. तथापि ते दिसण्याऐवजी मोजण्यावर आधारलेले आहेत.

भूमितीचे निकष

पुढचा कोन म्हणजे बंपर न घासता जो चढ चढण्यास सुरुवात करता येते त्याचा कोन. मागचा कोन उतरून बाहेर पडताना महत्त्वाचा ठरतो. मधला कोन उंचवट्याच्या माथ्यावर पोट टेकणार की नाही हे ठरवितो आणि तो केवळ तळाच्या उंचीवर अवलंबून नसतो. तळ २०० मिलिमीटर उंच असताना दोन आसांतील अंतर २,४०० मिलिमीटर असेल, तर हा कोन सुमारे १९ अंश येतो. अंतर २,८०० मिलिमीटर झाले की तो सुमारे १६ अंशांवर उतरतो. म्हणूनच जाहिरातीतील ग्राउंड क्लिअरन्सचा एकच आकडा अपुरा ठरतो. २०२० च्या महिंद्र थारचा पुढचा कोन ४१.८ अंश व मागचा ३६.८ अंश आहे, तर पाच दारांच्या मारुती जिम्नीचा पुढचा कोन ३६ अंश व मधला २४ अंश आहे. शहरी वापरासाठी घडविलेल्या अनेक एसयूव्ही गाड्यांचा पुढे आलेला बंपर मात्र चढाच्या पायथ्याशीच टेकतो.

चाकांची पकड

वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांमध्ये डिफरन्शियल बसविलेले असते. साध्या डिफरन्शियलचा दोष असा की, ते दोन्ही बाजूंना समान बल देते. एक चाक चिखलात फिरू लागले की त्याला फिरविण्यास जेवढे अल्प बल पुरते, तेवढेच दुसऱ्या, घट्ट जमिनीवरील चाकाला मिळते आणि वाहन जागचे हलत नाही. फोर-व्हील ड्राइव्ह असूनही कर्णरेषेतील दोन चाके अधांतरी झाली तर हीच स्थिती ओढवते. यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक, किंवा फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली. याखेरीज लो रेंज गिअरमुळे चाकांवरील बल वाढते आणि तीव्र उतारावर वाहन इंजिनाच्या आधाराने सावकाश उतरविता येते.

जानेवारी २०२३ मध्ये थारची केवळ मागील चाकांवर चालणारी आवृत्ती बाजारात आली. बाह्यरूप जवळजवळ तेच, परंतु पुढच्या चाकांकडे शक्ती नेणारी यंत्रणाच नाही. रूपावरून क्षमता ओळखता येत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

उलट दिशेचा गैरसमजही नोंदविणे आवश्यक आहे. शिडीच्या आकाराची स्वतंत्र चौकट, म्हणजे लॅडर फ्रेम, असल्याशिवाय वाहन खरे आडवाटेचे नव्हे, असे अनेक जाणकार मानतात. परंतु १९७७ पासून तयार होणारी रशियाची लाडा निवा आणि २०२० ची नवी लँड रोव्हर डिफेंडर ही दोन्ही वाहने मोनोकॉक, म्हणजे एकसंध कवचाच्या बांधणीची असूनही अवघड वाटेवर समर्थ आहेत.

पाण्याचा धोका

गैरसमजाची खरी किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. थारची जाहीर केलेली पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. हा आकडा इंजिनात पाणी शिरण्यासंबंधीचा आहे. ओढ्याच्या प्रवाहात टिकण्याची ती हमी नव्हे. वाहनाच्या तळाचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर धरल्यास, पाणी तळापासून दर १० सेंटिमीटर वर चढले की सुमारे ६०० किलोग्रॅम वजन पाणी उचलून धरते. आत पाणी शिरण्यापूर्वी दीड टनाचे वाहन अशा रीतीने २५ सेंटिमीटरमध्येच तरंगू लागते. चाकांवरील भार नाहीसा झाला की पकडही नाहीशी होते; मग चारही चाकांना शक्ती असली तरी ती निरुपयोगी ठरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या मते सुमारे ६० सेंटिमीटर खोल वाहते पाणी एसयूव्हीसह बहुतेक वाहने वाहून नेऊ शकते. पाण्याखाली गेलेल्या पुलावरून गाडी घालणाऱ्यास वाहनाचे रांगडे रूप खोटा धीर देते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

दुसरी बाजू

शहरी एसयूव्ही ही ग्राहकाची फसवणूक आहे, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. खड्डे, उंच गतिरोधक आणि कच्चे जोडरस्ते यांवर वाढीव ग्राउंड क्लिअरन्स खरोखर उपयोगी पडतो. ज्यास वर्षभर डांबरी रस्त्यावरच जावयाचे आहे, त्याच्यासाठी फोर-व्हील ड्राइव्हचे वाढीव वजन व इंधनखर्च हा भुर्दंडच होय. तथापि उंच दर्शनी भागाचा भार इतरांवरही पडतो. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, ४० इंचांहून उंच बॉनेट असलेल्या वाहनाची धडक पादचाऱ्यास प्राणघातक ठरण्याची शक्यता ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या वाहनापेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली.

निष्कर्ष

१. आडवाटेवरील क्षमता ही भूमिती, चाकांची पकड आणि चालकाचे कौशल्य यांच्या मेळातून येते. बाह्यरूप तिचा पुरावा नव्हे.

२. भारतातील कायदेशीर व्याख्या करआकारणीसाठी असल्याने ग्राहकाने तिच्यावरून क्षमतेचा अंदाज बांधू नये.

३. तिन्ही कोन, लो रेंज व डिफरन्शियल लॉक यांची माहिती विक्रीपत्रकावर ठळकपणे छापणे उत्पादकांना बंधनकारक केल्यास निवड डोळसपणे होऊ शकेल.

४. वाहत्या पाण्यापुढे समर्थ व असमर्थ वाहनांतील अंतर फार थोडे उरते. अशा वेळी थांबणे हाच यंत्रशास्त्राशी सुसंगत निर्णय होय.