नवी टाकी आतून पाहिली का?

जुन्या गाडीला नवी टाकी घ्यायची म्हटली की बहुतेक जण आधी रंग बघतात. यझदी असो, आरएक्स शंभर असो किंवा रोज दुधाचे कॅन वाहणारी स्प्लेंडर. चमक आहे, स्टिकर सरळ आहे, झाकण नीट बसतंय, एवढ्यावर सौदा होतो. मोटारसायकलची टाकी मात्र सहसा आतून सडते. रंगावर फोड दिसायला लागला तोवर आतल्या गंजाने पत्रा खाऊन झालेला असतो.

म्हणून झाकण दुकानातच उघडावं आणि मोबाइलचा टॉर्च आत मारावा. पत्रा राखाडी दिसला आणि बोटाला तेलकटपणा लागला तर चांगलं लक्षण. कारखान्यात पत्रा दाबताना आणि माल साठवताना लावलेलं ते तेल असतं. तपकिरी भुकटी दिसली किंवा जोडाच्या कडेने विटकरी रेघ दिसली, तर टाकीने गोदामात एखादा पावसाळा काढलाय असं धरून चालावं. टाकी दोन दाबलेल्या भागांची असते आणि कडांवर वेल्डिंगने जोडलेली असते. पूर्वी टाकीच्या पत्र्याला शिसं आणि कथील यांचा मुलामा देत. शिसं विषारी, म्हणून ते मागे पडलं आणि जस्ताचे, जस्त-निकेलचे लेप आले. लेप कुठलाही असो, वेल्डिंगच्या आचेने तो जोडापाशी जळतो आणि गंजाला तिथेच पहिली जागा मिळते. स्वस्त लोकल टाकीत तर मुळातच उघडा पत्रा असू शकतो.

पेट्रोलने लोखंड गंजत नाही. गंजायला पाणी आणि हवा लागते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे आत गेलेला थेंब तळाशी, कॉकच्या आसपास जाऊन बसतो आणि तिथेच काम सुरू करतो. मग गाडी चढावर मिसिंग करते, मेकॅनिक कार्बोरेटर खोलून जेट फुंकतो, ‘कचरा येतोय’ म्हणतो, आणि आठवडाभराने तोच कचरा पुन्हा येतो.

हे पाणी येतं कुठून? रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं, असं हमखास सांगतात. ते खरं आहे, पण हिशोब करून बघावा. 30 अंशाची पूर्ण दमट हवा घनमीटरला साधारण 30 ग्रॅम बाष्प धरते आणि 20 अंशाची 17 ग्रॅम. दहा लिटरची टाकी पूर्ण रिकामी असली तरी एका रात्रीत जेमतेम दोन-तीन थेंब सुटतील. महिनोन् महिने उभ्या गाडीत ते साचतात, हे मान्य. रोजच्या गाडीतलं पाणी मात्र बहुधा झाकणातून आलेलं असतं. टाकीच्या तोंडाभोवती जी खोलगट जागा असते, तिथलं पावसाचं पाणी खाली सोडायला अनेक गाड्यांना एक बारीक भोक असतं आणि त्याला खालून रबरी नळी जोडलेली असते. ते भोक धुळीने, मेणाने, पॉलिशने बुजतं. मग झाकणाभोवती तळं होतं, आणि झाकणाचं रबर कडक झालेलं असलं की तेच पाणी आत झिरपतं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर सरळ झाकणावर मारला तर पावसाचीही वाट बघावी लागत नाही. नवी टाकी बसवताना झाकणाचं रबर नवं टाकावं आणि ते भोक तारेने मोकळं करून वरून कपभर पाणी ओतून बघावं. पाणी चाकाजवळ टपकलं पाहिजे. मला विचाराल तर महागड्या लेपापेक्षा ही तार अधिक उपयोगाची.

इथेनॉलने यात एक नवी भानगड आणली आहे. आपल्याकडे 2003 मध्ये पाच टक्क्यांपासून सुरू झालेलं मिश्रण आता वीस टक्क्यांवर आलंय. इथेनॉल पाणी शोषून घेतं. थोडं पाणी असेल तर हे फायद्याचंच, ते इंधनाबरोबर इंजिनात जाऊन निघून जातं. पण याला मर्यादा आहे. दहा टक्के मिश्रणात साधारण अर्धा टक्का, म्हणजे दहा लिटरमागे पन्नासेक मिली पाणी मावतं. वीस टक्क्यांत त्याहून जास्त. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी थर धरतात. साध्या पेट्रोलमध्ये तळाला चमचाभर पाणी असायचं, इथे मोठा थर बसतो आणि पत्र्याचा तेवढाच मोठा भाग त्यात बुडतो.

टाकी घरी आणल्यावर आत गंज नसेल तर फार काही करायचं नाही. थोडं पेट्रोल घालून हलवावं, कारखान्यातला धातूचा कीस आणि धूळ त्याबरोबर ओतून टाकावी, कॉकची जाळी तपासावी आणि टाकी लगेच भरावी. ती महिनाभर कोरडी फडताळावर ठेवण्यात अर्थ नाही. हलका गंज असेल तर किराणा दुकानातलं लिंबूफूल कामाला येतं. लिटरभर कोमट पाण्यात पन्नास-साठ ग्रॅम या मापाने टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवावी. बाहेरच्या रंगावर थेंब पडू देऊ नये. सकाळी ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. यानंतर मात्र घाई. धुतलेला उघडा पत्रा बघता बघता केशरी पडतो, म्हणून गरम हवेने लगेच सुकवून आत टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल फिरवावं. हेअर ड्रायर वापरायचा तो फक्त जिच्यात पेट्रोल कधीच गेलेलं नाही अशाच टाकीला. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते, आणि जुनी टाकी वेल्डिंगला देतानाही हे वेल्डरला बजावून सांगावं.

आतून इपॉक्सीचा लेप ओतून घेण्याची हल्ली फॅशन आहे. जुन्या, बारीक भोकं पडलेल्या टाकीसाठी तो ठीक. नव्या टाकीत मी तो घालणार नाही. आतल्या तेलाचा अंशही राहिला तर लेप पकड घेत नाही, वर्षा-दोन वर्षांत त्याच्या पापड्या सुटतात आणि त्या कॉकमध्ये अडकतात. गंजाची भुकटी जाळीतून निदान दिसते तरी.

जुन्या यझदीला गंजाच्या बाबतीत आयतं संरक्षण होतं. तिच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागे, त्यामुळे आतल्या पत्र्यावर तेलाचा पातळ हात फिरत राहायचा. आरएक्सला तेलाची टाकी वेगळी, म्हणून तिच्या पेट्रोलच्या टाकीला तो लाभ नव्हता.

सगळ्यात बिकट अवस्था कोकणातल्या गाड्यांची. शिमग्याला गावी आलेला चाकरमानी मुंबईला परततो आणि त्याची मोटारसायकल खळ्याच्या कडेला पडवीत उभी राहते ती थेट गणपतीपर्यंत. मध्ये जवळजवळ अख्खा पावसाळा, वर खारी हवा. अशा गाडीत अर्धी टाकी पेट्रोल ठेवून जाणं सगळ्यात वाईट. दीड-दोन महिन्यांचा प्रश्न असेल तर टाकी काठोकाठ भरावी. त्याहून जास्त असेल तर पेट्रोल काढून घ्यावं, कार्बोरेटरही रिकामा करावा, टाकीत पाव लिटर टूटी ऑइल घालून ती उलटसुलट फिरवावी आणि उरलेलं ओतून झाकण घट्ट लावावं. गणपतीला आल्यावर थोडं ताजं पेट्रोल घालून टाकी खंगाळावी, ते काढून टाकावं आणि मग भरावी. पहिले एक-दोन किलोमीटर सायलेन्सरमधून निळसर धूर येईल. तो त्या तेलाचाच, त्यासाठी मेकॅनिक शोधू नये.